डॉ. मेस्मर आणि जर्दाळूचे झाड

व्हिएन्नातल्या फ्रान्झिस्का ओस्टरलिन या तरुणीच्या तक्रारींची यादी आजच्या कुठल्याही ओपीडीतल्या डॉक्टरला ओळखीची वाटेल. वय २७-२८. कधी दातांत आणि कानांत असह्य कळा, कधी उलट्या, कधी लघवी अडणे. मध्येच आकडीसारखे झटके, थोडा वेळ डोळ्यांपुढे पूर्ण अंधार, हातापायांतली ताकद जाणे, मूर्च्छा. एक दुखणे उतरते न उतरते तोच दुसरे हजर. तिच्या डॉक्टरने त्या काळच्या वैद्यकात होते नव्हते ते सगळे करून पाहिले होते. शीर कापून रक्त काढले, रेच दिले, कातडीवर फोड आणणारे लेप लावले. जरा बरे वाटायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जुलै १७७४ मध्ये या डॉक्टरने तिला आधी लोहयुक्त औषध पाजले आणि मग अंगावर लोहचुंबक बांधले. थोड्याच वेळात तिला शरीरातून काहीतरी खालच्या दिशेने वाहत असल्यासारखे वाटू लागले आणि पुढचे काही तास तिच्या सगळ्या तक्रारी थांबल्या. हा प्रयोग पुन:पुन्हा केल्यावर ती बरी झाली. पुढे डॉक्टरच्याच सावत्र मुलाशी तिचे लग्न झाले.

या डॉक्टरचे नाव फ्रान्झ अँटोन मेस्मर. एखाद्याला भारून टाकणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद त्याच्या नावावरून आले. जुन्या मराठीत मोहिनीविद्येला सर्रास मेस्मेरिझम म्हणत, तो शब्दही त्याचाच. बहुतेकांच्या डोक्यात त्याची प्रतिमा डोळ्यांत रोखून बघणाऱ्या जादूगाराची असते. प्रत्यक्षात तो व्हिएन्ना विद्यापीठाचा रीतसर पदवीधर डॉक्टर होता आणि आपण भौतिकशास्त्रातला एक नवा नियम शोधला आहे, अशी त्याची मरेपर्यंत खात्री होती.

त्याचा जन्म २३ मे १७३४ चा, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावरच्या इझ्नांग या खेड्यातला. वडील तिथल्या बिशपच्या जंगलाचे रखवालदार. मुलगा हुशार, म्हणून जेझुइट पाद्र्यांच्या विद्यापीठांत धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकला, नंतर व्हिएन्नाला जाऊन थोडा कायदा आणि शेवटी वैद्यक. १७६६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने पदवीसाठी प्रबंध लिहिला. विषय होता मानवी शरीरावर ग्रहांचा परिणाम. नाव ऐकून पत्रिका आणि साडेसाती डोळ्यांपुढे येईल, पण त्याला ज्योतिष नको होते. न्यूटनने चंद्र-सूर्यामुळे समुद्राला भरती येते हे गणिताने दाखवले होते. मग शरीरातल्या द्रवांनाही भरती-ओहोटी का नसावी, असा त्याचा प्रश्न. या प्रबंधातला बराच मजकूर रिचर्ड मीड या इंग्रज डॉक्टरच्या पुस्तकातून उचललेला होता, हे संशोधकांनी पुढे विसाव्या शतकात दाखवून दिले. तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

१७६८ मध्ये एका श्रीमंत विधवेशी लग्न झाले आणि मेस्मरला पैशाची ददात उरली नाही. व्हिएन्नात मोठे घर, मोठी बाग. संगीताचा नाद. मोझार्ट कुटुंबाचे त्याच्याकडे येणे-जाणे असे. मेस्मर स्वत: ग्लास आर्मोनिका वाजवायचा. काचेचे वाडगे एका दांड्यात ओवून फिरवायचे आणि ओल्या बोटांनी त्यांच्या कडांना स्पर्श करायचा, की त्यातून अंगावर काटा आणणारा सूर निघतो. हे वाद्य बेंजामिन फ्रँकलिनने तयार केले होते. हे नाव लक्षात ठेवायला हवे, ते पुढे येणार आहे.

फ्रान्झिस्कासाठी वापरलेले चुंबक मॅक्सिमिलियन हेल नावाच्या जेझुइट खगोलतज्ज्ञाने बनवून दिले होते. गुण आल्याची बातमी पसरताच हेलने श्रेय चुंबकांना, म्हणजे पर्यायाने स्वत:ला, दिले. मेस्मर चिडला. त्याचे म्हणणे असे, की एवढेसे लोखंड हे काम करूच शकत नाही. सगळ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला की आजार होतो आणि तो मोकळा करण्याची शक्ती डॉक्टरच्या स्वत:च्या देहात असते. या शक्तीला त्याने प्राणिचुंबकत्व असे नाव दिले. ते सिद्ध करण्यासाठी त्याने कागद, पाव, लोकर, रेशीम, चामडे, दगड, काच, पाणी, अगदी कुत्रीसुद्धा हाताळून भारली आणि रुग्णांना स्पर्श करायला लावले. सगळ्यांनी गुण आला. पावानेही गुण येतो आणि दगडानेही, तर मग गुण नक्की कशाने येतो? हा प्रश्न इथेच पडायला हवा होता. मेस्मरला मात्र त्यात आपल्या द्रवाचाच पुरावा दिसला.

पुढच्याच वर्षी, १७७५ मध्ये, त्याला आणखी एक संधी मिळाली. दक्षिण जर्मनीत योहान योझेफ गास्नर नावाचा पाद्री भुते उतरवत होता. हजारो लोक त्याच्याकडे जात. तो हुकूम सोडायचा आणि रुग्णाच्या हव्या त्या अवयवाला झटके यायचे, दुसरा हुकूम सोडला की थांबायचे. बव्हेरियाच्या शासकाने मेस्मरला म्युनिकला बोलावले. मेस्मरने मंत्राशिवाय, देवाचे नाव न घेता, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने तसेच झटके आणून दाखवले आणि थांबवूनही दाखवले. गास्नर लबाड नाही, फक्त आपण कोणती नैसर्गिक शक्ती वापरतो ते त्याला कळत नाही, असा त्याचा निर्वाळा. तिथल्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. भूत आणि मंत्र दोन्ही वगळूनही परिणाम तसाच राहतो, हे मेस्मरने दाखवले होते. वगळून पाहण्याची तीच रीत त्याने स्वत:च्या द्रवाला लावली असती, तर वैद्यकाचा इतिहास वेगळा झाला असता.

व्हिएन्नातला त्याचा मुक्काम संपला तो मारिया तेरेझिया पाराडिसमुळे. ही १८ वर्षांची पियानोवादक मुलगी वयाच्या तिसऱ्या वर्षापासून अंध. राणीकडून तिला वर्षासन मिळत असे. राजधानीतल्या नामवंत डॉक्टरांनी तिच्यावर वर्षानुवर्षे उपचार केले होते, त्यात डोळ्यांवर विजेचे हजारो झटकेही होते. १७७७ च्या सुरुवातीला मेस्मरने तिला स्वत:च्या घरी ठेवून घेतले. हळूहळू तिला उजेड, आकार, रंग दिसू लागल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. माणसांची नाके तिला विचित्र वाटत, बोटे पट्ट्यांवर दिसू लागल्यामुळे तिचे वाजवणे बिघडले. मग वातावरण तापले. डॉक्टर मंडळींनी हे सगळे ढोंग असल्याचे म्हटले. अंधत्व गेले तर वर्षासनही जाईल आणि मैफलीतले आकर्षणही, हे आई-वडिलांच्या कानावर घातले गेले. मेस्मरच्या हकिगतीनुसार, मुलगी घरी यायला तयार होईना तेव्हा आईने तिचे डोके भिंतीवर आपटले. तिला घरी नेले गेले आणि अंधत्व परत आले.

तिला खरोखर काय झाले होते, याचे निदान अडीचशे वर्षांनंतर छातीठोकपणे करणे योग्य नव्हे. पण डोळा, नस, मेंदू यांत इजा नसताना दृष्टी जाणे, पाय लुळे पडणे, वाचा बसणे हे प्रकार आजही सरकारी दवाखान्यांत नियमाने येतात आणि ती माणसे ढोंगी नसतात. हातात सुई टोचली तरी त्यांना खरोखर कळत नाही. अशा रुग्णाला विश्वासाच्या माणसाजवळ बरे वाटणे आणि घरच्या ताणात पुन्हा बिघडणे, यात वैद्यकीयदृष्ट्या अशक्य काहीही नाही. पाराडिसपुरते सांगायचे तर ती अंधच राहिली आणि थोर झाली. युरोपभर दौरे केले, संगीतरचना केल्या, व्हिएन्नात संगीतशाळा काढली.

फेब्रुवारी १७७८ मध्ये मेस्मर पॅरिसला पोहोचला, बायकोला मागे ठेवून. तिथल्या विद्वानांच्या सभांनी त्याला उभे केले नाही, पण रुग्णांची रीघ लागली. एकेकाला तपासणे अशक्य झाले तेव्हा त्याने एक लाकडी पिंप बनवून घेतले. त्यात पाणी, लोखंडाचा चुरा, काचांचे तुकडे आणि भारलेल्या पाण्याच्या बाटल्या. झाकणातून वाकडे लोखंडी गज बाहेर आलेले. भोवती बसून रुग्णांनी आपल्या दुखऱ्या जागी गज टेकवायचा, सगळ्यांच्या अंगाभोवती एकच दोर. खोलीत जाड पडदे, आरसे, अंधूक उजेड, आतून ग्लास आर्मोनिकाचे सूर. मग फिकट जांभळ्या रेशमी झग्यात मेस्मर यायचा, हातात लोखंडी कांडी. कोणी एक थरथरू लागायचे, मग शेजारचा, मग पलीकडची. हसणे, रडणे, किंचाळणे, झटके. या अवस्थेला तो क्रायसिस म्हणायचा, कारण त्याच्या मते अडलेला द्रव सुटण्याची ती खूण. फार झटके आलेल्यांसाठी गाद्या मारलेली वेगळी खोली होती. गरिबांसाठी फुकट पिंप होते आणि पॅरिसमधले एक झाडही त्याने त्यांच्यासाठी भारून ठेवले होते. लोक त्याला दोर बांधून बसत.

पैसा आणि मान यांत त्याची ओढाताण व्हायची. १७८१ मध्ये मारी आंत्वानेतच्या दरबाराकडून वर्षाला २०,००० लिव्र पेन्शन देऊ केली गेली. तेव्हाच्या फ्रान्समध्ये ही रक्कम मोठी होती. मेस्मरने ती नाकारली, कारण त्याला आधी शोधाला मान्यता हवी होती. १७८३ मध्ये मात्र त्याच्या चाहत्यांनी संस्था काढली आणि माणशी १०० सोन्याचे लुई घेऊन त्याचे गुपित शिकवायला सुरुवात केली. सदस्यांत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध गाजवून आलेला लाफायेतसुद्धा होता.

अखेर १२ मार्च १७८४ रोजी राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. विज्ञान अकादमीचे पाच आणि वैद्यक विद्याशाखेचे चार सदस्य. रसायनशास्त्राचा पाया घालणारा लाव्हाझिये, खगोलतज्ज्ञ बायी, ज्याचे नाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटले तो डॉ. गिलोटिन आणि अमेरिकेचा पॅरिसमधला प्रतिनिधी, ७८ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन. मेस्मरने सहकार्य नाकारले. त्याचा एके काळचा शिष्य आणि आता प्रतिस्पर्धी डॉ. शार्ल देस्लाँ मात्र प्रयोगांना तयार झाला.

समितीचे सदस्य आधी स्वत:च पिंपाभोवती बसले. त्यांना काहीच जाणवले नाही. मग त्यांनी जे केले, ते वैद्यकाच्या इतिहासात तोवर इतक्या पद्धतशीरपणे कोणी केले नव्हते. त्यांनी रुग्णाचे डोळे बांधले आणि त्याला खोटे सांगितले.

फ्रँकलिनला मूतखड्याचा त्रास, त्यामुळे काही प्रयोग पासी इथल्या त्याच्या घरीच झाले. बागेतले एक जर्दाळूचे झाड देस्लाँने भारले. त्यानेच निवडलेला, चटकन प्रभाव पडणारा १२ वर्षांचा मुलगा डोळे बांधून आणला गेला. त्याला एकामागून एक चार झाडांना मिठी मारायला लावली. त्यांतले एकही भारलेले नव्हते. पहिल्या झाडापाशी त्याला घाम आला, खोकला आला. दुसऱ्यापाशी डोके दुखू लागले. तिसऱ्यापाशी दुखणे वाढले आणि आपण भारलेल्या झाडाच्या जवळ येतोय असे तो म्हणाला, तेव्हा तर तो त्यापासून आणखी लांब गेला होता. चौथ्या झाडाखाली तो बेशुद्ध पडला, हातपाय ताठ. जर्दाळूचे झाड तिथून २४ फुटांवर होते. त्याला उचलून हिरवळीवर आणले आणि देस्लाँने शुद्धीवर आणले. बागेतली सगळीच झाडे थोडीफार भारलेली असतात, असे देस्लाँने स्पष्टीकरण दिले. मग तर संवेदनशील माणसाला बागेत फिरायचीच चोरी, असे समितीने नोंदवले.

लाव्हाझियेच्या घरी एका बाईला कपामागून कप पाणी देण्यात आले. चौथ्या कपाला तिला क्रायसिस आला. तो कप साधा होता. शुद्धीवर आल्यावर तिने प्यायला पाणी मागितले, तेव्हा तिला खरोखर भारलेला कप दिला आणि तो ती शांतपणे प्यायली. आणखी एका बाईला कागदी पडद्यापलीकडून, तिच्या नकळत, अर्धा तास भारले. ती मजेत गप्पा मारत होती. मग समोर येऊन, मेस्मरच्याच नियमांप्रमाणे उलट्या आणि म्हणून निरुपयोगी पद्धतीने, भारल्याचे नाटक केले. तीन मिनिटांत झटके सुरू झाले.

ऑगस्ट १७८४ मध्ये अहवाल आला. द्रव अस्तित्वात नाही. कल्पना असेल तर द्रवाशिवायही झटके येतात, कल्पना नसेल तर द्रव काहीच करत नाही. नवीन औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे आज लपवून ठेवतात, त्या पद्धतीचे मूळ या बागेत आहे.

याच वर्षीच्या मे महिन्यात कूर द जेबलँ या विद्वानाचा मेस्मरच्या उपचारांखाली असताना मृत्यू झाला होता. मेस्मरने आपल्याला बरे केले, असे त्याने आदल्याच वर्षी जाहीरपणे छापले होते. त्याला बरे वाटले होते हे खरेच असणार. आजार मात्र जागेवरच होता. बरे वाटणे आणि बरे होणे यांतले हे अंतर क्षयाच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाच्या जिवावर बेतते. त्या दृष्टीने समितीने समाजावर उपकारच केले.

तरी एक गोष्ट सुटलीच. देस्लाँने आधीपासून एक मुद्दा मांडला होता: समजा हे सगळे कल्पनेचेच काम असेल, पण त्या कल्पनेने माणूस बरा होत असेल, तर तिचा वैद्यकात उपयोग का करू नये? समितीला कल्पनेची ताकद स्पष्ट दिसली होती. एका निरोगी झाडाखाली तिने १२ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध पाडले होते. मुलगा नाटक करत होता, असे समितीने म्हटले नाही. पण कारण कल्पना आहे एवढे ठरल्यावर फाइल बंद झाली, जणू कल्पना म्हणजे काहीच नाही. आजही रिपोर्ट नॉर्मल आले की रुग्णाला तुम्हाला काही झालेले नाही असे सांगून वाटेला लावले जाते. तो दुखणे घेऊन दुसऱ्या दाराशी जातो आणि पुष्कळदा ते दार एखाद्या मेस्मरचे असते.

मेस्मरलाही कल्पना हा शब्द अपमानच वाटत होता. त्याचाच शिष्य प्युसेग्यूर याला १७८४ मध्ये एका तरुण शेतकऱ्यावर उपचार करताना आढळले, की झटके न येताही माणूस एका विचित्र झोपेत जातो, त्या झोपेत बोलतो, सांगितलेले ऐकतो. इथे द्रवाची गरज उरलीच नव्हती. गुरूने त्याला फारसे महत्त्व दिले नाही. या झोपेचा धागा धरून १८४० च्या दशकात मँचेस्टरचा शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड याने द्रव आणि चुंबक पार टाकून दिले, एकाग्रता ठेवली आणि त्याला हिप्नॉटिझम म्हणजे संमोहन हे नाव दिले. त्याच सुमारास, एप्रिल १८४५ मध्ये, बंगालमधल्या हुगळीत जेम्स एस्डेल या स्कॉटिश डॉक्टरने शस्त्रक्रियेनंतर वेदनांनी तळमळणाऱ्या एका कैद्यावर हा प्रयोग केला. त्याने स्वत: तो कधी पाहिलाही नव्हता, फक्त वाचला होता. पुढे हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी त्याने भूल न देता काढल्या. भूल द्यायला तेव्हा दुसरे काही नव्हतेच. १८४६ मध्ये सरकारने त्याला कलकत्त्यात छोटे रुग्णालय दिले. त्याच वर्षी बोस्टनला ईथरने भूल दिली गेली, नंतर क्लोरोफॉर्म आले आणि एस्डेलची पद्धत मागे पडली. ते योग्यच झाले, ईथर सगळ्यांवर चालते.

कल्पना शरीरात काय करते, याचा धागा हाती लागायला आणखी शंभरावर वर्षे गेली. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून खोटे औषध दिले गेले. काहींची वेदना खरोखर कमी झाली. मग अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम पुसणारे नॅलोक्सोन दिल्यावर तो आराम गेला. म्हणजे नुसत्या विश्वासाने मेंदूने स्वत:ची अफू तयार केली होती. अशा परिणामाला प्लासिबो म्हणतात, आणि झाडाखालच्या मुलाला झाला तो त्रास म्हणजे नोसिबो. वेदना, मळमळ, थकवा, धडधड यांवर त्यांचा जोर चालतो. गाठ विरघळत नाही, जंतू मरत नाहीत.

हे सगळे मेस्मरच्या पश्चात. अहवालाच्या आधीच, १७८४ च्या वसंतात, पाराडिस पॅरिसला मैफलींसाठी आली होती. त्यांतल्या एका मैफलीला मेस्मर हजर होता आणि ती अंध आहे हे साऱ्या सभागृहाला दिसत होते, असे सांगतात. १७८५ मध्ये त्याने पॅरिस सोडले. क्रांतीत त्याची बरीच संपत्ती बुडाली. त्याच क्रांतीत बायी आणि लाव्हाझिये यांची डोकी गेली. व्हिएन्नाला परतला, तर राजकीय संशयावरून तिथून निघावे लागले. फ्रान्सने पुढे त्याला छोटी पेन्शन दिली आणि तो सरोवराच्या परिसरात, जिथे जन्मला त्याच मुलखात, येऊन राहिला. आसपासच्या गरिबांना फुकट तपासायचा. लोक त्याला विसरले होते, इतके की १८१२ मध्ये बर्लिनहून वोल्फार्ट नावाचा डॉक्टर त्याला शोधत आला, तेव्हा हा माणूस अजून जिवंत आहे याचेच अनेकांना नवल वाटले. बर्लिनला येण्याचे आमंत्रण म्हाताऱ्याने नाकारले, पण आपली कागदपत्रे दिली. त्यांत द्रव होता, ग्रह होते, भरती-ओहोटी होती. तीस वर्षांत काहीही बदलले नव्हते.

५ मार्च १८१५ रोजी मेर्सबुर्ग इथे तो वारला. शेवटच्या दिवसांत त्याने ओळखीच्या एका तरुण पाद्र्याला येऊन ग्लास आर्मोनिका वाजवायला सांगितले होते, अशी हकिगत आहे. फ्रँकलिनचे ते वाद्य त्याने शेवटपर्यंत जवळ ठेवले होते. पाद्री पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.